‘नाइस’ : एका साध्या इंग्रजी शब्दाचे अर्थ, मूळ आणि समानार्थी शब्द – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी शिकायला लागल्यावर पहिल्या काही दिवसांतच ‘नाइस’ भेटतो आणि तेव्हापासून आपण तो समजला असं धरून चालतो. भाषांतराचं काम करताना मात्र अवघड वाटणाऱ्या लांबलचक शब्दांपेक्षा या चार अक्षरी शब्दानं मला जास्त वेळा थांबवलं आहे. त्याच्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

‘नाइस’चा आजचा अर्थ नेमका काय?

छान, चांगलं, आवडण्याजोगं. माणसाबद्दल वापरला तर स्वभावानं चांगला, बोलायला गोड, सालस. हवा, जेवण, घर, कपडे, सहल, बातमी, शेजारी या सगळ्यांना तो चालतो. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ‘नाइस हाउस’ म्हटल्यावर घर प्रशस्त आहे, हवेशीर आहे की नुसतंच नीटनेटकं आहे, यातलं काहीच कळत नाही. बोलणाऱ्याला ते आवडलं, एवढंच कळतं. म्हणजे हा शब्द वस्तूपेक्षा बोलणाऱ्याच्या मनाबद्दल जास्त सांगतो. बाकीचे बरेच प्रश्न या एका गोष्टीतून निघतात.

या शब्दाचं मूळ कुठलं?

लॅटिन. तिथला मूळ शब्द ‘नेस्कियुस’. ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे. ज्याला काही ठाऊक नाही तो नेस्कियुस. आपला ‘अज्ञ’ हा शब्द घडणीनं अगदी तसाच आहे: नकार पुढे, जाणणं मागे.

लॅटिनमधून तो जुन्या फ्रेंचमध्ये गेला आणि तिथे त्याचा अर्थ आणखी घसरला: अडाणी, बावळट, मूर्ख, धांदरट. 1066 मध्ये उत्तर फ्रान्समधल्या, फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर पुढची काही शतकं फ्रेंच शब्द इंग्रजीत येत राहिले, त्यांच्याबरोबर हाही आला. 1300 च्या आसपास तो इंग्रजीत दिसू लागतो आणि तेव्हा त्याचा अर्थ सरळ सरळ ‘मूर्ख’ असाच आहे. याच लॅटिन शब्दाचं स्पॅनिश रूप ‘नेसिओ’ आजही मूर्ख किंवा हट्टी माणसाबद्दल वापरतात. एकाच आईची दोन लेकरं. एक जागच्या जागी राहिलं, दुसरं कुठल्या कुठे गेलं.

‘स्कीरे’चं आणखी एक घराणं आपल्या ओळखीचं आहे. ‘सायन्स’ तिथूनच आला. ‘कॉन्शन्स’, म्हणजे सदसद्विवेकबुद्धी, हाही तिथलाच. सायन्स आणि नाइस हे नात्यातले शब्द आहेत: एकात जाणणं आहे, दुसऱ्यात न जाणणं. ‘स्कीरे’च्याही मागे गेलं तर कापणं, वेगळं करणं अशा अर्थाचा एक फार जुना धातू असावा, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. जाणणं म्हणजे एक गोष्ट दुसरीपासून वेगळी काढता येणं. आपल्या ‘विवेक’मध्येही वेगळं करणं या अर्थाचाच ‘विच्’ धातू आहे. एवढ्या दूरच्या दोन भाषांनी शहाणपणासाठी एकच चित्र निवडावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

‘मूर्ख’पासून ‘छान’पर्यंत तो पोहोचला कसा?

एका उडीत नाही. प्रत्येक पायरीवर अर्थ थोडासाच सरकला, पण पायऱ्या बऱ्याच होत्या.

सुरुवात मूर्खापासून. मूर्ख माणूस पोरकट वागतो, उथळ वागतो. म्हणून पोरकट, छचोर हा अर्थ आला. छचोर माणसाला कपड्यालत्त्याचं, थाटमाटाचं वेड असतं, म्हणून नखरेल. नखरेल माणसाला पटकन काही पसंत पडत नाही. म्हणून चोखंदळ, नाक मुरडणारा. त्याच सुमारास दुसऱ्या बाजूनं ‘लाजरा, बुजरा’ हाही अर्थ फुटला.

खरं वळण चोखंदळपणापाशी आहे, कारण तिथे दोष आणि गुण शेजारी शेजारी राहतात. मराठीतही बघा. ‘फार चोखंदळ आहे बाई ती’ ही तक्रार असते आणि ‘चोखंदळ वाचक’ ही प्रशंसा. जो चोखंदळ असतो त्याला बारीकसारीक फरक कळतात. म्हणून ‘नाइस’ म्हणजे बारकावे ओळखणारा, काटेकोर. मग ज्या गोष्टीत असे बारकावे आहेत ती गोष्टही ‘नाइस’: सूक्ष्म, नाजूक, जपून हाताळावी अशी. पुढे अभिरुचीनं निवडलेली, नेटकी, सुसंस्कृत. आणि नेटकं, सुसंस्कृत ते मनाला आवडतं. म्हणून शेवटी छान.

हे सांगताना माळेत ओवल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात गुंता होता. सोळाव्या आणि सतराव्या शतकात यातले कितीतरी अर्थ एकाच वेळी चलनात होते. त्या काळातल्या एखाद्या वाक्यात लेखकाला नेमका कोणता अर्थ अभिप्रेत होता, हे अभ्यासकांनाही दर वेळी ठरवता येत नाही.

जुना इंग्रज कवी चॉसर यानं हा शब्द ‘मूर्ख’ याच अर्थानं वापरला आहे का?

हो, आणि एका ठिकाणी तर असा वापरला आहे की वाचून थबकायला होतं. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिलेल्या ‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’ या दीर्घकाव्यात, दुसऱ्या भागाच्या आरंभी, तो भाषा कशी बदलते याबद्दल बोलतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: हजार वर्षांत बोलण्याची रीत बदलते, ज्या शब्दांना एके काळी मान होता ते आता आपल्याला विचित्र आणि खुळचट वाटतात. या ‘खुळचट’साठी त्यानं वापरलेला शब्द म्हणजे ‘नाइस’.

शब्द बदलतात हे सांगायला त्यानं जो शब्द निवडला, तोच पुढे इतका बदलला की आजचा वाचक ती ओळ उलटी समजेल. चॉसरच्या तोंडी त्याचा उच्चारही ‘नाइस’ नव्हता, ‘नीस’च्या जवळपासचा होता. पंधराव्या ते सतराव्या शतकांत इंग्रजीतले दीर्घ स्वर सरकले, त्यात ‘ई’चा ‘आइ’ झाला. ‘टाइम’, ‘लाइफ’ हेही त्याच लाटेत बदलले.

शेक्सपिअर वाचताना काय काळजी घ्यावी?

‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधलं एक उदाहरण पुरेसं आहे. पाचव्या अंकात फ्रायर लॉरेन्सला, म्हणजे प्रेमिकांना मदत करणाऱ्या धर्मगुरूला, कळतं की त्यानं रोमिओकडे धाडलेलं पत्र पोहोचलंच नाही. पत्र नेणारा दुसरा धर्मबंधू साथीच्या संशयावरून एका घरात कोंडला गेला होता. तेव्हा लॉरेन्स हळहळून म्हणतो की ते पत्र ‘नाइस’ नव्हतं.

आजचा अर्थ लावला तर वाटेल, पत्रात काहीतरी कडवट मजकूर होता. तसं अजिबात नाही. इथे ‘नाइस’ म्हणजे क्षुल्लक, किरकोळ. ‘ते पत्र साधंसुधं नव्हतं, फार मोलाचा मजकूर होता त्यात’, असं तो सांगतो आहे. ज्युलिएट मेलेली नाही, फक्त गुंगीत आहे, ही खबर त्या पत्रात होती. ते वेळेवर पोहोचलं असतं तर दोघंही जगली असती. एवढा भार त्या ओळीवर आहे आणि एका शब्दाचा जुना अर्थ माहीत नसेल तर तो भार वाचकापर्यंत येतच नाही.

याच नाटकात तिसऱ्या अंकात रोमिओचा मित्र बेन्व्होलिओ मारामारीची हकीकत सांगतो. भांडण किती ‘नाइस’ आहे याचा विचार कर, असं रोमिओनं ज्युलिएटच्या चुलत-मावस नात्यातल्या टिबल्टला विनवलं होतं, असं तो म्हणतो. तिथेही अर्थ ‘किती फालतू’ असाच.

‘छान’ हा अर्थ कधी रुळला?

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या कोशात ‘नाइस’चा पहिलाच अर्थ दिला आहे तो बारकाईनं अचूक निर्णय करणारा, प्रसंगी नको इतका काटेकोर. त्यानंतरच्या काही दशकांत बोलण्यातला ‘छान’ इतका फोफावला की जाणकारांना तो खटकू लागला.

ही खटक जेन ऑस्टिननं ‘नॉर्दँगर अ‍ॅबी’मध्ये पकडली आहे. ही कादंबरी तिच्या मृत्यूनंतर, 1817 च्या डिसेंबरात बाहेर आली. त्यात नायिका कॅथरीन एका पुस्तकाला ‘नाइस’ म्हणते आणि हेन्री टिल्नी तिला चिडवतो: हो, दिवसही नाइस, आपलं फिरणंही नाइस, तुम्ही दोघी मुलीही नाइस, हा शब्द सगळ्यालाच चालतो! पूर्वी तो नेटकेपणा, नाजूकपणा, सुसंस्कृतपणा यांच्यासाठी होता आणि आता कुठल्याही गोष्टीची कुठलीही स्तुती या एका शब्दात कोंबली जाते, अशी त्याची तक्रार आहे. त्याचं निरीक्षण बिनचूक आहे. पण शब्दाचा मूळ अर्थ नेटकेपणा होता हा त्याचा समज मात्र अपुरा. नेटकेपणाच्या खाली आणखी काही शतकांचे थर होते.

माणसाच्या बाबतीतला ‘प्रेमळ, समजूतदार’ हा अर्थ एकोणिसाव्या शतकात पक्का झाला.

जुने अर्थ आज कुठे शिल्लक आहेत का?

‘मूर्ख’ पूर्ण गेला. ‘काटेकोर, सूक्ष्म’ मात्र टिकून आहे आणि तोच फसवतो. ‘अ नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे सूक्ष्म भेद, सहज लक्षात न येणारा फरक. ‘अ नाइस पॉइंट ऑफ लॉ’ म्हणजे कायद्यातला नाजूक, कीस काढावा लागणारा मुद्दा. ‘नाइस जजमेंट’ म्हणजे तोलून मापून केलेली पारख.

एका लेखाचं भाषांतर तपासताना मला ‘नाइस डिस्टिंक्शन’साठी ‘छान फरक’ असं लिहिलेलं आढळलं होतं. वाक्य मराठीत सुरळीत वाचलं जात होतं, म्हणून चूक आधीच्या दोन वाचनांत निसटली होती. लेखक म्हणत होता की या दोन संज्ञांमधली रेघ फार बारीक आहे, ती पुसू देऊ नका. ‘छान’नं नेमकी तीच रेघ पुसली. तेव्हापासून ‘नाइस’च्या पुढे फरक, भेद, मुद्दा, प्रश्न, तोल, नेम असं एखादं नाम दिसलं की मी ‘छान’ लिहिण्याआधी थांबते. तिथे बहुतेकदा ‘सूक्ष्म’, ‘बारीक’, ‘नाजूक’ किंवा ‘काटेकोर’ यांपैकी एक शब्द बसतो.

‘नाइसिटी’ या नामातही हाच जुना अर्थ जिवंत आहे. ‘टू अ नाइसिटी’ म्हणजे अगदी तंतोतंत. अनेकवचनी ‘नाइसिटीज’ म्हणजे बारकावे किंवा शिष्टाचाराचे उपचार. गंमत अशी की हे नाम फ्रेंचमधून आलं तेव्हा त्याचा अर्थ ‘मूर्खपणा’ होता.

निबंधात ‘नाइस’ वापरू नका, असं शिक्षक का सांगतात?

शब्द चुकीचा आहे म्हणून नव्हे, पोकळ आहे म्हणून. ‘वुई हॅड अ नाइस टाइम’ या वाक्यातून वाचकाला काहीच दिसत नाही. सरसकट बंदी मला मात्र पटत नाही. बोलण्यात, पत्रात, निरोपात ‘नाइस’ची ऊब खरी असते, ‘दॅट्स नाइस’ म्हणताना कुणी वर्णन करत नसतं, आनंदात सहभागी होत असतं. वर्णन करायचं असेल तिथे तो टाळावा. आणि टाळायचा म्हणजे त्याच्या जागी कोशातला दुसरा जड शब्द टाकायचा नाही. काय आवडलं ते स्वतःला विचारायचं. ‘नाइस रूम’ लिहिलं असेल आणि उत्तर ‘सकाळचं ऊन थेट टेबलावर येतं’ असं आलं, तर तेच लिहायचं. विशेषणाची गरजच उरत नाही.

समानार्थी शब्द कोणते आणि कुठे कोणता वापरावा?

कोशात वीस-पंचवीस तरी मिळतील, पण एकाच्या जागी दुसरा डोळे मिटून ठेवता येत नाही.

हवा, प्रवास, संध्याकाळ यांच्यासाठी ‘प्लेझंट’: सुखद, त्रास न देणारी. ‘डिलाइटफुल’ त्याहून वरचा. त्यात मन हरखून जाण्याचा भाव आहे. ‘लव्हली’ फार आपुलकीचा. ब्रिटिश बोलण्यात तो ‘नाइस’इतकाच सैल वापरला जातो. ‘ॲग्रीएबल’ जरा जुन्या वळणाचा आणि औपचारिक आहे.

माणसासाठी ‘फ्रेंडली’ म्हणजे मोकळा, बोलका, मनमिळाऊ. ‘पोलाइट’ म्हणजे सभ्य. पण सभ्य माणूस मनातून कोरडा असू शकतो. ‘कन्सिडरेट’ म्हणजे दुसऱ्याच्या सोयीचा विचार करणारा. मराठीत ‘समजूतदार’ त्याच्या बराच जवळ जातो. ‘गुड-नेचर्ड’ म्हणजे मुळातच चांगल्या स्वभावाचा, चटकन न रागावणारा. ‘लाइकेबल’ म्हणजे सहज आवडणारा; त्यात गुणांची हमी नाही. ‘डीसेंट’ म्हणजे सरळ, नीतीनं वागणारा.

‘फाइन’ला पुष्कळजण ‘नाइस’चा जोडीदार समजतात, तिथे जपून. ‘द फूड वॉज फाइन’ म्हणजे ठीक होतं, तक्रार नाही. यजमानाला तसं म्हटलं तर तो खट्टू होईल. तिथे ‘नाइस’ किंवा ‘लव्हली’च हवा.

‘नाइस’ आणि ‘काइंड’ यांत फरक काय?

‘नाइस’ वागण्यात दिसतो, ‘काइंड’ कृतीत. हसून बोलणारा, कुणाला न दुखावणारा माणूस नाइस. अडचणीत स्वतःची झीज सोसून मदत करणारा काइंड. एखाद्याला त्याची चूक स्पष्ट सांगणं त्या क्षणी नाइस नसतं, पण काइंड असू शकतं. ‘ही इज नाइस’ या वाक्यात कधी कधी ‘याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही’ असा थंडपणाही असतो. ‘ही इज काइंड’मध्ये तो नसतो.

‘नाइस टू मीट यू’ की ‘नाइस मीटिंग यू’?

पहिली ओळख होताना ‘नाइस टू मीट यू’. ओळख झालेल्या माणसाचा निरोप घेताना ‘नाइस मीटिंग यू’. आधीपासून ओळख असेल तर ‘मीट’ नको, ‘नाइस टू सी यू’ म्हणावं. कुणी आपल्यासाठी काही केलं असेल तर ‘नाइस ऑफ यू’: ‘इट वॉज नाइस ऑफ यू टू कम’, म्हणजे आलात, फार बरं वाटलं.

‘नाइस अँड वॉर्म’ यात ‘नाइस’ काय करतो?

तो वेगळा गुण सांगत नाही, पुढच्या विशेषणाला जोर आणि पसंती देतो. ‘नाइस अँड वॉर्म’ म्हणजे मस्त उबदार, ‘नाइस अँड अर्ली’ म्हणजे चांगलं लवकर. मराठीत ‘चांगलं’, ‘छानपैकी’ हे शब्द हेच काम करतात.

कुणी ‘नाइस’ उपरोधानं म्हटलं, तर कसं ओळखायचं?

पुढच्या नामावरून आणि सुरावरून. ‘अ नाइस मेस’ म्हणजे चांगलाच घोळ. आपणही ‘चांगलाच’ असाच वापरतो. ‘नाइस ट्राय’ खेळात मनापासूनचा दिलासा असतो आणि थाप पकडली गेल्यावर ‘इथे डाळ शिजणार नाही’ असा इशारा. ‘नॉट व्हेरी नाइस’ हा तर सौम्य शब्दांतला कडक शेरा आहे: वाईट म्हणायचं टाळून वाईटच म्हटलेलं असतं.

असा प्रवास आणखी कुठल्या शब्दांनी केला आहे?

पुष्कळ. ‘प्रिटी’ जुन्या इंग्रजीत ‘कावेबाज’ होता, आज ‘सुंदर’ आहे. ‘फाँड’ आधी ‘खुळा’ होता; जीव लावून खुळं होणाऱ्यावरून ‘जिव्हाळा असलेला’ झाला. ‘सिली’ बरोबर उलट्या दिशेनं गेला: आधी ‘धन्य, सुखी’, मग ‘निष्पाप’, मग ‘बिचारा’ आणि अखेर ‘मूर्ख’. म्हणजे ‘नाइस’ ज्या जागेवरून उठला तिथे ‘सिली’ येऊन बसला.

मराठीत ‘साहस’ आठवतो. जुन्या धर्मशास्त्रात तो अपराध होता. मनुस्मृतीतल्या 18 व्यवहारपदांत, म्हणजे खटल्यांच्या प्रकारांत, बळजबरीच्या गुन्ह्यांसाठी तो येतो. आज आपण साहसाचं कौतुक करतो. ‘बरा’ खाली उतरला आहे. त्याच्या मुळाशी ‘वर’, म्हणजे श्रेष्ठ, आहे. जुन्या मराठीत ‘बरे’ म्हणजे चांगलेच. आता ‘जेवण बरं होतं’ म्हटलं की करणाऱ्याचा चेहरा पडतो.

विरुद्धार्थी शब्द?

‘नॅस्टी’ सर्वांत जवळचा: माणूस, वास, हवा, जखम सगळ्याला चालणारा, ‘नाइस’सारखाच सैल. सौम्य हवा असेल तर ‘अनप्लेझंट’. माणसाच्या कोतेपणासाठी ‘मीन’.

फ्रान्समधल्या नीस शहराचा या शब्दाशी संबंध आहे का?

नाही. रोमन लिपीत दोन्ही सारखेच लिहितात, एवढंच. शहराचं नाव ग्रीक ‘निकाया’वरून आलं आणि त्यामागे विजयदेवता ‘निके’ आहे. उच्चारही ‘नीस’.

संगणकातली ‘नाइस’ आज्ञा काय आहे?

युनिक्स आणि लिनक्स या संगणक प्रणालींत प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमला, एक ‘नाइस’ आकडा असतो. लिनक्सवर तो −20 पासून 19 पर्यंत आणि सहसा 0. आकडा जितका मोठा, तितकी ती प्रोसेस इतरांना आधी जाऊ देते, स्वतः मागे थांबते. ‘नाइस’ आज्ञा नुसती, आकडा न देता वापरली तर त्यात 10 मिळवले जातात. स्वतःच्या प्रोसेसचा आकडा वाढवणं कुणालाही जमतं. कमी करायला, म्हणजे रांगेत पुढे घुसायला, सहसा प्रशासकाचे अधिकार लागतात.